नाडी लावलेलं मॉडेल

माझ्या जाऊबाईंना काहीही शिवायला द्या, त्या त्याला नाडी लावणारच. उशीच्या अभ्र्याला नाडी, मिक्सरच्या कव्हरला नाडी, माझ्या लेकीच्या लॅपटॉपच्या पिशवीला तर दोन. वैजापूरला त्यांचं घर, पुढच्या खोलीत मशीन, आणि आसपासच्या चार गल्ल्यांतली ब्लाउजं त्यांच्याकडं येतात. त्यांच्या शिवणात खोट काढायची कुणाची छाती नाही. मग मी ते काम त्यांना दिलं, यात माझं काय चुकलं सांगा.

मी शहरात, गारखेड्यात, एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टरबाई तपासतात आणि मी बोलते. दर गुरुवारी दुपारी वरच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग घेते. पूर्वी त्या वर्गात सगळं भीतीचंच असायचं. हा आजार, तो संसर्ग, ही गाठ. एक दिवस माझं डोकंच फिरलं. मी डॉक्टरबाईंना म्हणलं, आपण बायकांना या शरीरातले सगळे धोके सांगतो आणि त्यातलं सुख एकदाही सांगत नाही. स्वयंपाक शिकवायचा आणि फक्त चटका कुठं बसतो तेवढंच सांगायचं, असलं हे शिकवणं. त्या म्हणाल्या, मग सांग की, तुला कुणी अडवलंय.

सांगायला बाईच्या त्या जागेचं मॉडेल पाहिजे. दवाखान्यात एक रबराचं होतं, पण त्याचा रंग असा की बायका बघूनच पदर नाकाला लावायच्या. मी ठरवलं, मऊ कापडाचं करायचं. गुलमंडीच्या बाजारातून मखमल आणली, गुलाबी आणि डाळिंबी, आतून लावायला साटिन. कागदावर आकृती काढली, मापं टाकली आणि रविवारी वैजापूरला जाऊन जाऊबाईंपुढं ठेवली. काय आहे ते मात्र सांगितलं नाही. दिवसभर अनोळखी बायकांशी या विषयावर बिनधास्त बोलणारी मी, आणि घरच्या बाईपुढं माझी बोबडी वळली.

"अक्का, दवाखान्यात लागतंय," एवढंच म्हणलं.

"शोभेचं हाय का?"

"तसंच समजा."

पंधरा दिवसांनी त्या स्वतःच एसटीनं आमच्याकडं आल्या. चष्मा बदलायचा होता, तीन-चार दिवस मुक्काम होता. चहा व्हायच्या आधी त्यांनी पिशवीतून ते काढून टेबलावर ठेवलं. काय शिवलं होतं बाईनं. प्रत्येक चूण जागच्या जागी, टाका कुठं दिसायला तयार नाही. आणि कडेनं, अर्थातच, नाडी. जुन्या पैठणीचा काठ कापून केलेली, सोनेरी, टोकाला गोंडे.

"ही वढली की तोंड बंद," त्यांनी ओढून दाखवलं. "सुपारी, लवंग, समदं राहतंय. फकस्त एक कळंना. हे वरचं बारीक बटण कशाला? काज तर कुठंच नाय. मी काढूनच टाकणार होते."

मी खुर्चीवरून घसरले. खोटं नाही सांगत, खाली फरशीवर बसून हसले. थांबताच येईना. जाऊबाईंचा चेहरा लाल झाला.

"माझ्या कामाला हसतीस व्हय? दे इकडं."

मग सांगावंच लागलं. फरशीवर बसूनच सांगितलं. जाऊबाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, चष्मा वर करून आत बघितलं.

"असं असतंय?"

"असंच."

"माझं बी?"

"सगळ्यांचं. उन्नीस-बीस."

"आन् हे बटण?"

"त्याला दुसरं कामच नाही, अक्का. मूल व्हायला त्याचा उपयोग नाही, कशालाच नाही. नुसतं बरं वाटायला दिलंय."

"दोन लेकरं झाली मला," त्या म्हणाल्या, "आन् मी ते काढून टाकणार होते." आणि फिस्सकन हसल्या. मग आम्ही दोघी हसलो. इतकं की शेजारणीनं बेल वाजवून विचारलं, काय झालं. आम्ही तिला काही नाही म्हणून घालवलं आणि पुन्हा हसलो.

हसता हसता जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि तो पदर काही खाली येईना.

"दोन वर्षं झाली, मी त्यांच्याजवळ झोपत नाय," त्या म्हणाल्या.

पाळी गेल्यापासून दुखायला लागलं होतं. आग व्हायची. थोडे दिवस दात-ओठ खाऊन सोसलं, मग बहाणे सुरू केले. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, शनिवार, कंबर, गुडघा. "आता उपास संपले बाई. नवीन कुठून आणू?" शेवटी ब्लाउजांचं काम फार आहे म्हणून त्यांनी अंथरूण मशीनच्या खोलीत हलवलं. नवऱ्यानं काहीच विचारलं नाही. जाऊबाईंनीही सांगितलं नाही.

"मला त्यांचा राग येत नाय गं," त्या म्हणाल्या. "एका घरात राहून मला त्यांची आठवण येती."

मी वर्गात किती बायकांची किती दुखणी ऐकली असतील, पण हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मला स्वतःचाच संताप आला. अख्ख्या शहराला शहाणपण शिकवत फिरते आणि माझ्या सख्ख्या जावेला दोन वर्षं एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं. पाळी गेली की तिथला ओलावा कमी होतो, कातडी नाजूक होते. त्याला औषध आहे, आणि त्या वेळेला लावायचं जेलही आहे. मी समजावलं, "मशीनला तेल घालता ना?" "रोज." "मग झालं तर." सावकाश, घाई नाही, दुखलं की थांबायचं, बरं वाटलं की तेही तोंडानं सांगायचं. जाऊबाईंनी सगळं मापं घेतल्यासारखं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "ते समदं करीन. पन त्यांना सांगू कसं? सत्तावीस वर्षांत यावर आम्ही एक शब्द बोललो नाय. माझ्या तोंडातून निघायचंच नाय."

गुरुवारी त्या वर्गाला बसल्या. मॉडेल नाडीसकटच न्यावं लागलं, उसवायला वेळ होता कुठं. मी ते पहिल्या रांगेत बघायला दिलं आणि फळ्याकडं वळले. वळून बघते तर एका साठीच्या मावशींनी नाडी सैल करून आपली सुपारी आणि रिक्षातून उरलेली चिल्लर आत टाकली होती आणि खुशाल नाडी ओढून मांडीवर ठेवलं होतं. दवाखान्यानं भेट दिली, असं त्यांना वाटलं.

माझ्याआधी जाऊबाईच उठल्या. "ओ मावशी, काढा ती सुपारी. तो बटवा नाय. ते आपन हाय."

हॉल हसून असा फुटला की विचारू नका. मावशी स्वतःच सगळ्यात जास्त हसत होत्या, हसता हसता चिल्लर वेचत होत्या. आणि जाऊबाईंनी वर्ग ताब्यात घेतला. हे बाहेरचं कापड, हे अस्तर, पाळी गेली की हे अस्तर कोरडं पडतं, त्यात शरम कसली. हे बटण, हे कुणी काढून टाकायचं नाही. मी नुसती उभी. माझ्या वर्षभराच्या व्याख्यानांनी जे झालं नाही ते या बाईनं दहा मिनिटांत केलं. मग मागून एकीनं विचारलं, "पण मालकाला सांगायचं कसं?" जाऊबाई तिथंच थांबल्या. मॉडेल माझ्या हातात दिलं आणि जाग्यावर जाऊन बसल्या.

जेलची एक ट्यूब ब्लाउजपिसांच्या खाली लपवून त्या वैजापूरला गेल्या. मी दर दोन दिवसांनी फोन करायची. "सांगितलं का?" "शेतातला कांदा भरायला आलाय बाई." "अक्का, सांगितलं का?" "लग्नसराई हाय, मान वर करायला फुरसत नाय." महिना गेला. मी बेजार. शेवटी विचारायचं सोडूनच दिलं.

आणि एका सकाळी दारात भासरे उभे. म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान. आमच्याकडं भासऱ्यांपुढं धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि समोरासमोर बोलायचं नाही. माझा पदर कधीच सुटला, पण बोलणं काही सुरू झालं नाही. इतकी वर्षं त्यांना चहा हवा असला तरी ते भिंतीला सांगायचे. मी म्हणलं, हे आंघोळीला गेलेत, बसा.

"त्याच्याकडं काम नाय," ते म्हणाले, फ्रिजकडं बघत. "तुमच्याकडं हाय."

मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

"पंधरा दिस झाले, तिनं सांगितलं. मशीनवर बसून, माझ्याकडं पाठ करून. दुखत होतं म्हनली." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला वाटलं, मीच नकोसा झालो तिला. म्हनून मी बी इचारलं नाय."

इतका वेळ मला जाऊबाईंचीच काळजी, यांचा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

"आता पुन्हा दुखनार नाय ना तिला?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "खरं सांगा."

मी सरळ समोर बसले आणि इतर कुणालाही सांगते तसं सांगितलं. औषध चालू ठेवायचं. घाई करायची नाही. तिला काय बरं वाटतं ते तिलाच विचारायचं, आणि थांब म्हणली की थांबायचं.

"थांबतो की," ते म्हणाले. "दोन वर्षं थांबलोच हुतो. फकस्त कशासाठी ते ठावं नव्हतं."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रिकामी ट्यूब काढली, तळापासून नीट गुंडाळत आणलेली, आणि टेबलावर ठेवली.

"तिनं नाय पाठवलं मला," ते म्हणाले. "मीच आलोय. दोन द्या."