गेनूचं शून्य

ठकुबाईनं गेनूला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत. जेवता जेवता त्याच्या घोट्याला विंचू चावला. शेजारचे ताटं सोडून उठले. गेनूनं तांब्यानं विंचू चेचला, पाय पुन्हा मांडीखाली घेतला आणि वाढप्याला म्हणाला, "इंचवानं त्याचं काम केलं, आता तू तुजं कर. वाढ. आमटी हाय का हात धुवायचं पानी?"

ह्या मेल्याला दुखत न्हाई का, असं ठकुबाईच्या मनात आलं. पुढच्या वर्षी त्याच्याशीच तिचं लग्न झालं आणि तिला उमगलं. दुखत होतं, पण दुखतं म्हणणाऱ्याला तो माणसात धरत नव्हता.

मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. थोडी घरं, म्हशी, शेरडं. गेनूच्या जिभेच्या तडाख्यातून त्यातलं एकही घर सुटलं नाही. शेजारच्या बंडूनं कंबर धरली की, "कंबर न्हाई, त्याला काम दुखतं." सरपंच बोलायला उभे राहिले की, "भाषन न्हवं ते, रवंथ." ठकुबाईची भाकरी करपली तर एक बोल, नाही करपली तर दुसरा. ती म्हणायची, "तुमच्या तोंडाला सुट्टी न्हाई का कंदी?" असा त्यांचा संसार चालला, आणि वाईट चालला नाही.

मागच्या वर्षी गावात शहरातून काही माणसं आली. औषध नाही, गोळी नाही, कमरेला पट्टा बांधायचा, तो गुणगुणतो आणि दुखणं पळतं, असं त्यांचं म्हणणं. देवळात चहा ठेवला होता. त्या माणसांतल्या टाय लावलेल्या पोरानं गेनूला विचारलं, "बाबा, शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"शून्य."

"मग आलात कशाला?"

"चा देता म्हनून."

तरी त्यानं पट्टा बांधला, थोड्या वेळानं सोडला. "आता?"

"शून्य."

पोरगा वैतागला. म्हणाला, इथं बसलेल्या सगळ्यांना गुण आलाय. गेनू म्हणाला, "सावलीत बसून फुकट चा पिला, गुन यील न्हाई तर काय. उद्या पट्टा घरी ठिवून या, निस्ता चा पाजा, मग सांगा."

एवढं होऊनही गेनूच्या मुलानं, सूरजनं, एक पट्टा विकत घेतलाच. गेनूनं त्यावर महिनाभर तोंडसुख घेतलं. म्हशीच्या गळ्यात बांध म्हणाला, शोभंल.

यंदा उन्हाळ्यात सूरजच्या टेम्पोत म्हैस चढवताना तिचा पाय घसरला आणि ती टेम्पोच्या मागच्या फाळक्यासकट गेनूच्या नडगीवर आली. कापूरहोळजवळच्या एका दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. दुपारी प्लास्टर झालं. सिस्टरनं विचारलं, किती दुखतंय, शून्य ते दहा?

"शून्य," गेनू म्हणाला. सिस्टरनं लिहून घेतलं.

ठकुबाई खाटेशी बसली. सूरजनं चहा आणला. टपरीवरचा, पाणचट. गेनूनं दोन घोट घेतले. "चांगला हाय," म्हणाला. ठकुबाईनं मान वर केली. पलीकडच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता. गेनू त्याला काहीच बोलला नाही. ऊन कलताना सूरजनं भीत भीत पिशवीतून पट्टा काढला. "आप्पा, लावू का?"

"लाव, बाबा," गेनू म्हणाला.

 ठकुबाई उठून सिस्टरकडे गेली. "माज्या मालकाला लई दुखतंय. कुनाला तरी बोलवा."

"मावशी, ते शून्य म्हणाले. शांत पडलेत की."

"त्येंचं शून्य तुमी मला शिकवू नगा," ठकुबाई म्हणाली. "इंचू चावला तवा आमटीला नावं ठेवत हुते. आज दुपारपासनं कुनालाच नावं ठेवली न्हाईत."

सिस्टर हसली. मागून येणाऱ्या डॉक्टर शेफाली हसल्या नाहीत. त्या खाटेशी आल्या, पट्टा बाजूला केला, म्हणाल्या, "हा आत्ता नको." मग प्लास्टरबाहेरचा अंगठा धरून हळूच वर ओढला. गेनूचा चेहरा तसाच राहिला. पण चादर मुठीत गोळा झाली आणि कपाळावर घाम फुटला. त्यांनी प्लास्टर उघडायला लावलं. पोटरी दगडासारखी घट्ट. सुई घालून आतला दाब मोजला आणि त्या ठकुबाईकडे वळल्या.

"पोटरीत मांसाचे कप्पे असतात, मावशी. वरचं आवरण ताणलं जात नाही. आत सूज वाढली की रक्त पोचत नाही, मांस मरायला लागतं. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल, नाहीतर पाय जाईल."

"पाय काढनार?"

"नाही. आवरण फाडून मोकळं करणार."

"करा मग," ठकुबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "दुखतंय म्हना त्येंना. एकदा म्हना."

 गेनू छताकडे बघत म्हणाला, "दुखतंय." ठकुबाईनं तोंडाला पदर लावला.

पाय वाचला. जखम काही दिवस उघडी ठेवली, मग मांडीचं कातडं काढून वर लावलं. ते पाहून गेनू डॉक्टरांना म्हणाला, "ठिगळ नीट लावाया कुनी शिकीवलं न्हाई व्हय तुमाला?" शेफाली म्हणाल्या, "आता बरे झालात."

मांसाचा काही भाग मात्र आधीच मेला होता. गेनूचं पाऊल पुढून पुरतं उचललं जात नाही. तो बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालतो आणि अंगणापुरताच फिरतो. म्हशी डोंगराला ठकुबाई नेते.