घर रोख घेतोय, पण एक सही अडलीय

मंडळी, डोकं पार गरगरतंय, म्हणून तुम्हाला विचारतोय.

गोव्यात, पेडण्याला जुनं कौलारू घर घेतोय. कर्ज नाही. वाटलं होतं, बँक नाही म्हणजे किंमत दिली की चावी हातात. मग स्टॅम्प ड्युटी आली, नोंदणीची फी आली. कागद तपासायला बँकेचा वकील नाही, म्हणून वकीलही माझ्याच पैशानं. ठीक आहे म्हटलं, सगळा खर्च माझा.

आज सकाळी त्या वकिलाकडे बसलो होतो. घर विकणारे भाऊ-बहीण समोर. वकील म्हणाले, "भावाच्या बायकोची आणि बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागेल. गोव्यात कायदाच तसा आहे." मी सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातल्या दोडामार्गचा, मला हे ठाऊकच नव्हतं.

भावाची बायको शेजारीच होती. बहिणीनं, शेवंतीतायनं, हातातलं पेन खाली ठेवलं. नवऱ्याला सोडून तिला बरीच वर्षं झालीत, पण घटस्फोट घेतलेला नाही. तो फोंड्याला असतो. आपल्या वाट्याच्या पैशांतून तिला स्वतःची खोली घ्यायची आहे.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "पत्ता द्या, मी सही आणतो. मागेल ते देईन."

ती म्हणाली, "बाब, तो पैसे मागूचो नाय. सहीच्या बदल्यात तो माका परत घरी बोलावतलो."

वकिलांनी फाईल मिटली.

थांबू, की घर सोडून देऊ? सोडलं तर तिची खोलीही जाते. सगळा खर्च माझाच ठरला होता ना? मग हा खर्च तिच्याकडून का मागितला जातोय?