हळदीच्या लंगोट्या

कानाचं रक्त थांबेना. सोनाराने उजव्या कानात तार ओवली, पीळ दिला, हात पुसून चहा प्यायला, तरी माझ्या मांडीवरच्या नातीच्या पाळीतून थेंब येतच होता. मी हळद दाबली. ती भिजून गळाली. परत दाबली. पोर रडून रडून गप्प झाली, ते रडण्यापेक्षा वाईट.

"आजी, आयुष्यभर कान टोचतोय," सोनार म्हणाला. "एवढं रक्त कधी बघितलं नाही. दुसरा कान मी टोचणार नाही. डॉक्टरकडे न्या." तो विडा-नारळ तसाच ठेवून गेला.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. जावई मुंबईला. बारशाला भावकीत सुतक आलं म्हणून कान टोचायचे राहिले, आणि पोर दीड महिन्याची झाली तेव्हा मुहूर्त लागला. सुतक आलं नसतं तर बाराव्या दिवशी कान टोचून झाले असते आणि रक्ताचं हे कळलंच नसतं. हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं.

माझ्या परसात हळद होते. न्हाणीत पोरीला तेल-हळद चोळायची, ती मीच. लंगोट्या माझ्या जुन्या लुगड्याच्या. चार दिवसांत सगळ्या पिवळ्या झाल्या, साबणाने डाग जाईना. दांडीवर वाळत घातल्या की शेजारीण विचारायची, "तुझ्या दारात रोज कोणाची हळद गो?"

लेकीने मुंबईहून डायपर आणले होते. मी म्हटलं, "ते प्रवासाला. घरात लंगोटी. तू काय प्लॅस्टिकात वाढलीस?"

तिसऱ्या आठवड्यात जन्माच्या वेळचा राहिलेला डोस द्यायला नेली तेव्हा डायपर घातला. घरी आल्यावर लेकीने तो उघडून मला दाखवला. "आई, शी पांढरट आहे."

"दूध पिते, दुधासारखीच होणार."

"आधी पिवळी होत होती."

"मग तुझं दूध बाधतंय. मासे बंद कर."

तिने मासे बंद केले. मग मी तूर बंद करायला लावली, मग नारळ. पेज आणि मऊ भातावर ती राहिली. पाजायला बसली की पोरीच्या तोंडाकडे अशी बघायची, जणू आपण तिला काय देतोय तेच तिला ठाऊक नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण बाळंतीण धाकात असलेली बरी, असं आमच्यात म्हणतात आणि मीही तेच म्हणत आले.

त्याच आठवड्यात गावची आशाताई वजन करायला आली. "बाळ पिवळं दिसतंय," ती म्हणाली.

"हळद आहे ती," मी म्हटलं. ती हसली.

"शीचा रंग कसा?" तिने लेकीला विचारलं. लेक तोंड उघडणार तेवढ्यात मी दारातून म्हटलं, "दांडीवर बघ की. पिवळी धमक." आशाताईने दांडीकडे बघितलं, वहीत लिहिलं आणि गेली. लेक मान खाली घालून पोरीला पाजत बसली.

तर त्या कानाच्या दिवशी रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. इंजेक्शन दिलं, रक्त हळूहळू थांबलं. मी चप्पल घालायला लागले.

"थांबा आजी. शी कसल्या रंगाची होते?"

"पिवळी."

"खोटं," लेक म्हणाली. "पांढरी होते. मी सांगत होते."

डॉक्टरणीने लंगोटी सोडली, उजेडात धरली, खाली ठेवली. कपाटातलं कोरं पांढरं कापड काढून पोरीला गुंडाळलं आणि लेकीला पाजायला बसवलं. आम्ही तिघी त्या कापडाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने पोरीने शी केली. गणपतीचा शाडू भिजवतात तसा रंग. भोवती लघवीचं पिवळंजर्द कडं. हळदीचा कण नाही. माझ्या लंगोट्यांवर इतके दिवस काय पिवळं दिसत होतं, ते मला तिथे कळलं.

"पित्त खाली उतरत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "वाट बंद असावी. लिव्हर खराब होत चाललंय, म्हणून रक्त गोठत नाही. मुंबईला न्या, आजच निघा. तिथे तपासून ऑपरेशन करतील. दोन महिन्यांच्या आत झालं तर आशा असते. किती दिवस पांढरी होतेय?"

"तीन आठवडे," लेक म्हणाली. ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"दुधाने झालं का?" मी विचारलं.

"दुधाचा काही संबंध नाही. हिला पोटभर जेवायला घाला आणि पाजू द्या."

मुंबईला मीही गेले. मला कोणी चल म्हटलं नाही, मी गाडीत जाऊन बसले. ऑपरेशनला पोर आत नेली तेव्हा लेकीचं दूध गळून पदर भिजला होता. मी दुसरं पातळ पुढे केलं. तिने घेतलं नाही.

काही दिवसांनी तिने डायपर उघडून माझ्यासमोर धरला. हिरवट पिवळं. डॉक्टर म्हणाले, हे किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, पुढे लिव्हर बदलायची पाळी येऊ शकते. अजूनही पोरीचं रक्त तपासायला नेतात, आणि तपासणीच्या आठवड्यात लेकीचा मला फोन येत नाही.

घरी आल्यावर लंगोट्या मी चुलीत घातल्या. परसातली हळद तशीच आहे.

पोर जगली. पहिलीत जाते. तिचा एकच कान टोचलेला आहे.