इंजिनिअरसाहेबांचं काचेचं कपाट

नोकरीत इतके गुन्हे हाताळले की त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चोरी कुठली आणि आरोपी कुठला, याचा मेळ लागत नाही. एका काचेच्या कपाटापायी माझ्याकडे आलेले प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की त्या घरातल्या माणसांविषयी मन भरून येते.

मी तेव्हा पश्चिम नागपुरातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप हातात घेतला, तोच ठाणे अंमलदाराने खासगी रुग्णालयातून आलेली खबर पुढे ठेवली. साठी ओलांडलेले एक गृहस्थ अतिदक्षता विभागात दाखल होते. पोटात असह्य दुखत होते, उलट्या थांबत नव्हत्या आणि डोळ्यांपुढे नुसते धुके दिसत होते. डॉक्टरांना विषारी दारूचा संशय होता. आदल्या संध्याकाळी हे गृहस्थ एका मित्राच्या घरी जेवायला गेले होते.

पाठोपाठ एक फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहेब, त्या इंजिनिअरच्या घरी दारूचा अड्डा आहे अड्डा. भिंतभर बाटल्या लावून ठेवल्या हायेत त्यानं!" कधीच बोलावणे न आलेला शेजारी हा आमच्या खात्याचा सर्वांत तत्पर खबऱ्या असतो. मी पथक घेऊन निघालो.

यजमान वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते. सगळी कॉलनी त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणे. उंच, सडपातळ माणूस. आम्हाला पाहून ते गडबडले नाहीत. "या, बसा. सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे. एकही बाटली हलू दिली नाही," असे म्हणत त्यांनी आम्हाला बैठकीच्या खोलीत नेले.

दारू म्हटली की आम्हा पोलिसांना काय दिसते? मोहफुलाची हातभट्टी, रस्त्यात आडवा पडलेला माणूस, डोके फुटलेली बायको. त्या खोलीत मात्र पंचनामा लिहिणारा माझा हवालदारही क्षणभर लिहायचा थांबला. सागवानी चौकटीचे काचेचे कपाट होते. वरच्या खणात स्कॉच आणि सिंगल माल्ट, मधल्यात रम, जिन आणि व्होडका. प्रत्येकाचे ग्लास वेगळे आणि लखलखीत पुसलेले. पेग मोजायचे पितळी माप. बर्फासाठी उकळून गार केलेले पाणी. दारू बाळगायचा परवाना आणि दुकानाची बिले त्यांनी मागायच्या आधीच समोर ठेवली. दाराजवळ एक पितळी वाडगा होता. आत येताच पाहुण्यांनी गाडीची किल्ली त्यात टाकायची आणि जाताना साहेबांनी ठरवलेल्या चालकाबरोबर घरी जायचे, असा शिरस्ता. आणखी एक नियम मला फार आवडला. आधी खाणे पोटात गेल्याशिवाय कुणाच्या हातात ग्लास द्यायचा नाही, आणि आतून साहेबांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, "भाकर टाकली" असे म्हटले की बाटल्या बंद. मग कितीही बडा पाहुणा असो.

एवढी शिस्त मी काही पोलीस ठाण्यांतही पाहिलेली नाही.

यातली खरी गंमत अशी की साहेब स्वतः एक थेंबही घेत नसत. हृदयाचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी दारू सोडली. कपाट मात्र सोडले नाही. मी कारण विचारले. ते म्हणाले, "मी जन्मभर गावोगावच्या सबस्टेशनांवर राहिलो. लोकांनी घरात होतं-नव्हतं ते माझ्यासमोर ठेवलं. आता माझ्या घरी कोणी आला तर त्याला चांगलंच मिळायला पाहिजे. मी घेत नाही म्हणून काय झालं?"

आम्ही उघडलेल्या सगळ्या बाटल्या जप्त करून प्रयोगशाळेत पाठवल्या. प्राथमिक अहवालात एकाच बाटलीत डोळे घालवणारे विषारी मिथाइल अल्कोहोल निघाले. नामांकित स्कॉचची बाटली, झाकणासकट अस्सल दिसणारी. बाकी सगळा माल चोख होता. आणि नेमके त्या एका बाटलीचेच बिल नव्हते.

इतर पाहुण्यांचे जबाब घेतले. सगळ्यांचे म्हणणे सारखेच होते. आजारी पडलेल्या गृहस्थांनी ती बाटली स्वतः उघडली, पहिला पेग स्वतः घेतला, तारीफ केली आणि दुसराही भरला. इतरांचे आधीच्या बाटलीतून भरलेले ग्लास अजून रिकामे व्हायचे होते, तोवर आतून भाकरीची हाक आली आणि बाटली बंद झाली. त्या हाकेने बाकीच्यांचे डोळे वाचवले, असे मला आजही वाटते. पण तेव्हा माझ्या मनात आले ते एवढेच, की हा गृहस्थ जरा उतावळा पिणारा दिसतो.

रुग्ण बेशुद्ध होता आणि त्याची पत्नी संतापाने पेटलेली होती. तिची तक्रार स्पष्ट होती. "आमच्या यांना घरी बोलावून विष पाजलं. कॉलेजपासूनचा मित्र म्हणे! मले न्याय पाहिजे साहेब." इंजिनिअरसाहेब भेटायला गेले, तेव्हा तिने भर व्हरांड्यात त्यांना सुनावले, "तुमची सावलीही पडू देऊ नका आमच्यावर." ते मान खाली घालून परतले.

मी त्यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावले.

"ही बाटली कुठून आणली?"

"माझ्या कपाटातली आहे."

"कपाटात कुठून आली?"

"साहेब, मी सांगून राहिलो ना, माझ्या कपाटातली आहे. माझ्या घरात जे दिलं ते मीच दिलं. जबाबदारी माझी. लिहून घ्या."

मी आवाज चढवला. अटकेची भीती घातली. निवृत्त माणूस, समाजात मान असलेला. लॉकअपच्या नुसत्या उल्लेखाने असे लोक घाम पुसू लागतात. यांनी शांतपणे खिशातून हृदयाच्या गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ठेवायचं असेल तर ठेवा. ह्या गोळ्या तेवढ्या आत नेऊ द्या." मी मनातून चिडलो होतो, आणि थक्कही झालो होतो. गुन्हेगार खोटे बोलतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते. हा माणूस माझ्याकडे सरळ पाहून गप्प बसत होता. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता. कुणाला, ते कळत नव्हते आणि वेळही नव्हता. ज्या हाताने ही बाटली भरली त्याने एकच थोडी भरली असणार! शहरात कुठल्या घरी आज कोणते सील तुटेल, या विचाराने माझे डोके भणभणत होते.

महिला अंमलदाराला बरोबर घेऊन मी पुन्हा त्या घरी गेलो. बाईंचा जबाब बाकी होता. त्या निवृत्त शिक्षिका. आम्हाला चहा देऊन त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि ग्लास पुसू लागल्या.

"मले काही विचारू नका साहेब. ह्यांनी शपथ घातली आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "बाई, आणखी कुणाच्या घरी असं झालं तर?"

त्यांनी पुढचा ग्लास पुसायला घेतला. मग कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणाकडे बोट दाखवून, शाळेत धडा समजावून सांगावा तशा बोलू लागल्या. "हा आमचा आहेराचा खण आहे. पाहुणे प्रेमानं बाटली घेऊन येतात, नाही म्हणता येत नाही. मग ती इथं ठेवतो. देणारा हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही. उघडायची ती त्यानंच. अन् पहिला पेगही त्याचाच. आमच्या घरी हे कधी चुकलं नाही." त्यांनी ग्लास जागेवर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारले, "मी कोणाचं नाव घेतलं का साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं."

गाडीत बसल्यावर सगळे लख्ख झाले. बाटली उघडली कुणी? आजारी पडलेल्या मित्राने. पहिला पेग कुणाचा? त्याचाच. म्हणजे विषाची ती बाटली त्या बिचाऱ्यानेच भेट म्हणून आणली होती. बाईंनी शपथ पाळली होती आणि मला हवे ते सांगितलेही होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर जबाब मी दुसरा ऐकला नाही.

तडक रुग्णालय गाठले. डायलिसिसनंतर मित्र शुद्धीवर आले होते. एका डोळ्याने थोडे दिसत होते, दुसऱ्यात अंधार होता. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. पत्नी उशाशी मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन उभी होती.

मी विचारले, "ती बाटली कुणी आणली होती?"

"मीच ना," ते लगेच म्हणाले. "दिवाळीच्या फराळाले गेलो होतो, तेव्हाच देऊन आलो होतो. काहून, त्यानं सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

त्यांचा चेहरा वाकडा झाला. "मीच म्हटलं होतं त्याले, हिले सांगू नको गा. हिनं माझी बंद केली होती ना. डिकीत लपवून नेली होती. पण म्हणून आता... तुम्ही त्याले काही केलं तर नाही ना साहेब?"

पत्नीच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तिने तो खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. इंजिनिअरसाहेब रोज रुग्णालयात येत, पण वर यायची मनाई म्हणून तळमजल्यावर औषधांच्या दुकानाजवळच्या बाकावर बसून राहत. हे सगळ्या परिचारिकांना माहीत होते. मी खाली उतरलो तेव्हा मित्राची पत्नी त्यांच्यासमोर उभी होती. पदराचे टोक तोंडात धरून रडत होती. साहेब तिला म्हणत होते, "वहिनी, रडता काहून? दिसतं ना त्याले? एका डोळ्यानं का होईना, दिसतं ना?" मी तिथून दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. पोलिसाने प्रत्येक ठिकाणी हजर असायलाच हवे असे नाही.

पुढचे काम सरळ होते. मित्र कळमेश्वरच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. तिथे एक इसम 'कॅन्टीनचा माल' म्हणून बाटल्या पुरवायचा. कामठीची लष्करी छावणी जवळ असल्याने आपल्या नागपुरात या शब्दाची भारी जादू. संत्र्याची फोड चाखल्याशिवाय डझन न घेणारा माणूस 'कॅन्टीनचा आहे' म्हटले की डोळे मिटून बाटली घेतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाला सोबत घेऊन आम्ही हिंगण्याच्या बाजूच्या एका बंद शेडवर छापा घातला. रिकाम्या उंची बाटल्या, खोकी, झाकणे दाबायचे यंत्र आणि औद्योगिक स्पिरिटचे ड्रम सापडले. आरोपी आधी उडवाउडवीची उत्तरे देत होता. मी त्याला रुग्णाच्या डोळ्याबद्दल सांगितले, तेव्हा म्हणाला, "साहेब, बाटली अस्सल, डब्बा अस्सल, झाकण अस्सल. आतला माल तेवढा आपला." या बाटल्या बंगल्यांच्या भंगारातून यायच्या. जितकी चांगली बाटली, तितकी तिला मागणी. ज्यांना विकल्या त्या सगळ्यांची नावे त्याच्याकडून काढली आणि सीलबंद बाटल्या घरोघरून परत आणल्या. सुदैवाने आणखी कुणाला इजा झाली नव्हती.

हे ऐकून इंजिनिअरसाहेब अस्वस्थ झाले. "म्हणजे माझ्याकडच्या रिकाम्या बाटल्याही तिथं जात असतील?" मी म्हटले, जात असतील. तेव्हापासून ते बाटली संपली की तिचे लेबल खिळ्याने खरवडतात, झाकण ठेचतात आणि मगच ती भंगारात देतात. घरी चांगला बार ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे मी जाईन तिथे सांगतो.

निवृत्तीनंतर मीही त्या घरचा पाहुणा झालो. किल्ली वाडग्यात टाकतो, पाटवडी खातो आणि मगच ग्लास हातात घेतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी खूप पाहिली आणि त्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण पाहुण्याच्या पोटात आपल्या घरात जे जाईल त्याची जबाबदारी आपली, हे मानणारा आणि त्यासाठी लॉकअपमध्ये जायला निघालेला माणूस मला याच घरात भेटला. या प्रकरणाने मला तेवढे एकच शिकवले, आणि ते पुरेसे आहे.

एका संध्याकाळी तो मित्र बरा होऊन पहिल्यांदा तिथे आला. पत्नीही बरोबर होती. या वेळी बाटली तिच्या हातात होती, दुकानाच्या बिलासकट. नियमाप्रमाणे ती मित्राच्या पुढे ठेवली गेली. त्याने सीलला हात लावला आणि पुन्हा मागे घेतला.

इंजिनिअरसाहेब उठले. त्यांनी सील तोडले, पितळी मापाने पेग भरला, आणि मित्राला द्यायच्या आधी ग्लास स्वतःच्या तोंडाला लावून एक घोट घेतला. कितीतरी वर्षांनंतरचा पहिला घोट.

"अरे, नियम मोडला गा तू," मित्र म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होते, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्याही.

"घे आता," साहेब म्हणाले आणि ग्लास त्याच्या हातात दिला.