पुढच्याच दाराने येणारे पोलीसकाका

आमच्या शेजारचे निवृत्त पोलीसकाका उद्या स्वर्गात गेले, तरी तिथेही पुढच्याच दाराने जातील, आणि ते बंद असलं तर बेल दाबत उभे राहतील. आम्ही अमेरिकेतली मराठी माणसं गॅरेजमधून घरात शिरतो. पुढचं दार असतं ते घराला शोभा म्हणून. आमच्या दारामागे तांदळाची पोती, चपलांचं कपाट आणि गणपतीचं मखर. काका येणार म्हटलं की हे सगळं हलवायचं आणि नवऱ्याने कंबर धरून बसायचं. एकदा मी उचलली जीभ लावली टाळ्याला, "गॅरेजमधूनच या ना," म्हटलं, तर तासभर इतिहास ऐकावा लागला. काका इथलेच, कृष्णवर्णीय. त्यांचे वडील शहराच्या पोलीस खात्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिपायांपैकी. त्यांनी ठाण्यात यायचं मागच्या दाराने, गणवेश चढवायचा तळघरात बॉयलरशेजारी. गोरा चोर सापडला तर अटक करायची नाही. गोरा पोलीस येईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. "चोरच बाबांना म्हणायचा, जा, तुझ्या साहेबाला बोलाव," काका सांगत. काका स्वतः त्याच खात्यात साहेब होऊन निवृत्त झाले. पण आमच्या मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा लोकांचा प्रश्न एकच, "अंकल, स्पीडिंगचं तिकीट कॅन्सल कसं करायचं?"

खात्याला त्या शिपायांची आठवण दर फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, येते आणि मार्च लागला की जाते. यंदा मात्र ठाण्यात त्यांच्या नावांचा फलक लागणार होता. काकांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी मी चालवली. बघतो तर पुढच्या दाराचं दुरुस्तीकाम चालू. "सर, मागच्या दाराने या ना, प्लीज," एक तरुण कृष्णवर्णीय पोलीसबाई अदबीने म्हणाली. काका काठी रोवून थंडीत उभे. आत टाळ्या सुरू झाल्या. "काका, तुमच्या बाबांचं नाव लागतंय, चला ना," मी अगदी काकुळतीला आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "बाबा ड्यूटीवर कधी उशिरा पोचले नाहीत," आणि मागच्या दाराकडे निघाले.

फलकावर नगरसेवकांची नावं ठळक, शिपायांची त्याखाली बारीक. त्यांना कुठून यावं लागे, याचा उल्लेखच नव्हता. जागा पुरली नाही म्हणे. काका वाकून वडिलांच्या नावावरून बोट फिरवत होते. ती पोलीसबाई हळूच जवळ आली. "सर, बाहेर का थांबला होतात? मी काही चुकीचं बोलले का?"

तिला काहीच ठाऊक नव्हतं. गावभर न विचारता सांगत फिरलेल्या काकांना पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारलं होतं, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मीच सांगायला लागले, दाराचं, बॉयलरचं, चोराचं. चुकलं तिथे काका मला दुरुस्त करत होते आणि डोळे पुसत होते.