शनिवारचं पंक्चर

पिंपरीत अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मी दहा वर्षं पंक्चर काढली. मास्तरकीला लागणारी फायनलची परीक्षा पास होतो, पण सर्टिफिकेट पेटीत आणि मी हवेच्या पंपावर. तिशीला टेकलो तेव्हा जवळच्या माण गावच्या शाळेत मास्तराची जागा मिळाली. अब्बा म्हणाले, "जा. महिन्यात परत येशील." माझ्या नाकावर राग कायमच बसलेला. महिना तर काढायचाच, असं ठरवून निघालो.

आधी काय करत होतो ते मात्र गावात सांगितलं नाही. पंक्चरवाल्याला गुरुजी कोण म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

राहायचो शाळेच्याच पडवीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी जायचं. पहिल्याच शनिवारी मागचं चाक बसलेलं. सामान जवळ नव्हतं, आणि असतं तरी चारचौघांत काढलं नसतं. पिंपरीपर्यंत सायकल ढकलत गेलो. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. अब्बांनी दोन्ही वेळा पंक्चर काढून दिलं आणि नुसते हसले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. आपलं दुकानच बरं होतं, असं मला वाटायला लागलं.

तिसऱ्या शनिवारी पिशवीत सामान होतं. चाक बसलेलं पाहून खाली वाकलो, तर बाभळीचा काटा टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूला, घुसलेला. रस्त्यावरचा काटा खालून लागतो. कुशीतला हाताने टोचलेला असतो. आधीच्या दोन खेपांना मी चिडण्यातच इतका गुंग, की साधं बघितलंही नव्हतं.

"कुणी केलं हे?" मी पडवीत बसलेल्या पोरांवर ओरडलो. सगळ्या माना खाली. "मी नको असेन तर सरळ सांगा, आत्ता जातो!"

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "समद्यांनी केलं, गुरुजी. आदीचे दोन गुरुजी शनवारी घरी गेले, ते माघारी आलेच न्हाईत. सायकल चालली न्हाई तर तुमी जानार न्हाई, आसं वाटलं."

एवढा हवासा मी उभ्या आयुष्यात कुणाला वाटलो नव्हतो, आणि वाटलो तेही असं, काट्यानं.

घमेलंभर पाणी आणायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर ट्यूब काढली. मी पंक्चरवालाच होतो, हेही सांगून टाकलं. ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. पाण्यातले बुडबुडे आधी कुणाला दिसले यावरून भांडण जुंपलं होतं. रबराचा तुकडा दाबून धरायला सात हात.

हवा भरून झाल्यावर म्हणालो, "सोमवारी येतो."

ती मुलगी चाकाकडे बघत म्हणाली, "त्यांनीबी आसंच म्हनलं व्हतं."

त्या शनिवारी मी घरी गेलो नाही.