सत्तर मिनिटांची सुई

"मी खोटं बोललो असं मीच लिहून देऊ?"

"लिवलंय त्यांनीच. तुमाला फक्त सही करायची हाय." शेवंतीने बोंबलांची टोपली दणकन खाली ठेवली. "एवढं तं शाळंतलं पोर पन करंल."

"कागदात काय आहे ते माहीत तरी आहे का?"

"मना कुटं वाचता येतंय? तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा, रेडिओवर बोलता तसं!"

गोवर्धनने कागद उचलला. वर गिरणीचं छापील नाव, खाली टाइप केलेल्या चार ओळी. "गेल्या रविवारी धावतं वर्णन करताना, आमच्या संघातील सदू या खेळाडूविषयी, बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून चुकीची माहिती गेली. त्याबद्दल मी दिलगीर आहे." वाचताना त्याचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत गेला, माइकपुढे जायचा तसा. त्याचाच त्याला जास्त राग आला.

"हा कागद आकाशवाणीत पोचला की माझा माइक गेला, शेवंती. जो स्वतःच लिहून देतो की मी चुकीचं सांगतो, त्याला परत कोण बोलावणार?"

"आन सही न्हाय केली तर?"

"तर गिरणी गेली."

"मंग? माइक वर्साचे किती दिस? वीस? बाकीचे दिस काय वारा खायाचा?"

गोवर्धन खिडकीपाशी गेला. पण कोळीवाड्यातल्या त्या घराच्या खिडकीतून समोरच्याची भिंतच दिसत असे.

भाईंदरच्या या कोळ्याला परळच्या गिरणीने फुटबॉल संघात घेतलं होतं ते त्याच्या डाव्या पायासाठी. साल एकसष्ट. खाडीच्या चिखलात चालून चालून त्याचे पंजे इतके पसरले होते की मापाचे बूट मिळेनात. शेवटी मोच्याने डाव्या बुटाची कड कापली, कातड्याचं ठिगळ लावलं, आणि पुढची सात वर्षं गिरणीचे गोल त्या ठिगळावरून झाले. हजेरीपटावर तो बदली विणकर. खरं काम म्हणजे सकाळी हजेरी लावायची आणि अकरा वाजता मैदान गाठायचं. डाव्या बाजूने गोवर्धन चेंडू घेऊन सुटला की साचेवाले, जॉबर, कॅन्टीनचा आचारी, सगळे बाकांवर उभे राहत.

अडुसष्टमध्ये, लीगच्या शेवटच्या सामन्याला, त्याचा गुडघा सुजून शहाळ्यासारखा झाला होता. गिरणीच्या क्रीडा सचिवांनी डॉक्टर आणला. "सत्तर मिनिटांचा तर प्रश्न आहे, गोवर्धन," साहेब म्हणाले. सुई टोचली, पाय बधिर होऊन लाकूड झाला. त्या लाकडाने त्याने गोलसुद्धा मारला. संध्याकाळी मैदानाच्या तीन पायऱ्या उतरायला त्याला दोन माणसं लागली. त्यानंतर तो कधी खेळला नाही. गिरणीने त्याला टाइम ऑफिसात, हजेरी मांडायला, स्टूल दिलं.

स्टुलावरून त्याचं तोंड सुटलं. जेवणाच्या सुट्टीत तो आदल्या दिवशीचा सामना असा सांगायचा की लोकांच्या हातातला घास हातातच राहायचा. कुणाच्या तरी ओळखीने आकाशवाणीत आवाजाची चाचणी झाली. समोर कोरी भिंत, भिंतीवर घड्याळ. अधिकारी म्हणाले, "याचंच वर्णन करा, दोन मिनिटं." गोवर्धनने सेकंदकाट्याला डावीकडून पळणारा लेफ्ट-आउट केलं, बाराच्या आकड्यावर गोलरक्षक उभा केला आणि मिनिटकाट्याला ऑफसाइड पकडलं. काचेपलीकडचा माणूस पोट धरून हसला. तेव्हापासून तीन वर्षं तो बोलत होता. 'डाव्या कोपऱ्यात भरती आलीय,' तो म्हणायचा, आणि भाईंदरच्या बाजारात मासळीवाल्या एकमेकींना सांगायच्या, "शेवंतीचा बोल्तोय!" त्या दोन तासांत त्याचा गुडघा दुखत नसे.

आणि गेल्या रविवारी त्याच्याच गिरणीचा सामना होता. मध्यंतरात सदूला मांडवामागे नेलेलं त्याने वरून पाहिलं. परत आला तो पळत, पाय आपला नसल्यासारखा टाकत. ते पळणं गोवर्धनला ओळखीचं होतं. "सदूला मध्यंतरात सुई दिलेली दिसतेय," तो माइकवर बोलून गेला. "आत्ता हा पाय त्याला कळत नाहीये. उद्या कळेल." बुधवारी लीगच्या समितीने, जखमी खेळाडूला सुई देऊन खेळवलं का, असा गिरणीकडे खुलासा मागितला. शनिवारी हा कागद हातात पडला.

"गोवर्धनदादा, आहात का?"

दारात सदूच उभा होता. तेवीस वर्षांचा, रत्नागिरीकडचा, जवळच्याच पेणकरपाड्याला मावशीकडे राहणारा. गोवर्धनचा चेहरा उजळला. आठवडाभर तो याचीच वाट बघत होता.

"ये, ये! बघ शेवंती, ज्याच्यासाठी बोललो तोच आला. आता यालाच विचार, मी बरोबर की चूक. बस रे."

सदू बसला नाही. "दादा, माझं नाव कशाला घेतलंत?"

"म्हणजे?"

"पाच वर्षं बदली कामगार आहे मी. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोण आला नाही तर त्याच्या साच्यावर जायचं, सगळे आले तर घरी. पुढच्या महिन्यात कायम करणार होते, टीममुळे. आता म्हणतात, आधी गुडघा दाखव डॉक्टरला. रेडिओवर आलंय ना."

"अरे, पण मी खरं तेच सांगितलं!"

"खरं होतं म्हणूनच तर लोचा झाला."

बोंबील निवडणारे शेवंतीचे हात थांबले.

"तुझा पाय वाचावा म्हणून बोललो मी," गोवर्धन म्हणाला. "माझं काय झालं बघतोयस ना? साहेब गोड बोलतात, सुई टोचतात—"

"साहेबांनी नाही टोचली. मी मागितली."

"तू?"

"मीच. पाय वाचवून काय करू? गेटवर उभा करू त्याला?" सदूने चौकटीला हात टेकला. "तुम्ही कायम कधी झालात, दादा?"

गोवर्धनचा हात गुडघ्याकडे गेला.

"सुई घेतली व्हती त्या सामन्याच्या दुसऱ्याच हप्त्यात," शेवंती हळूच म्हणाली. "पेढे वाटले व्हते. मीच वाटले, साऱ्या वाड्यात."

बाहेर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. गोवर्धन खाटेवर बसला, दुखरा पाय सरळ करून.

"सहीचा कागद परत न्यायला साहेबांनी मलाच पाठवलंय," सदू म्हणाला. "सही झाली तर डॉक्टरकडे जायची गरज नाही, म्हणाले. तुमचंही स्टूल राहील. माझंही होईल."

"आणि माइक?"

"त्याचं मला काय ठाऊक असणार, दादा?"

एवढ्या दिवसांत साहेबांशी काय काय बोलायचं ते गोवर्धनने मनात घोकून ठेवलं होतं. युनियनकडे जायचं, समितीपुढे उभं राहायचं, माझा गुडघा बघा म्हणायचं. त्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी आता हे पोरगं चौकटीला धरून उभं होतं. त्याला ओलांडल्याशिवाय कुठेच जाता येत नव्हतं.

"शेवंती, पेन दे."

तिने दिलं. मघाशी इतकी भांडली होती, पण आता देताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. गोवर्धनने सही केली. आकाशवाणीच्या कंत्राटावर करायचा तशीच, पूर्ण नावाची. शाई वाळायला फुंकर मारली आणि कागद पुढे केला. सदूने तो धरला, पण गोवर्धनने आपलं टोक सोडलं नाही.

"बुधवारी सामना आहे तुझा."

"हो."

"परत घेणार सुई?"

सदूने कागद हळूच ओढून घेतला. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

"सदू, मी काय विचारतोय?"

"च्या तरी घेऊन जा रे," शेवंती म्हणाली.

सदूने चपला पायात सरकवल्या. उंबऱ्याबाहेरची पायरी तो भिंतीला धरून उतरला, आधी दुखरा पाय, मग दुसरा, आणि वाळत घातलेल्या जाळ्यांमधून रस्त्याकडे चालू लागला.